लो-डिफ्लेक्शन कार्बन शाफ्ट: साइड दिल्यावर नेम किती टिकतो?

पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळात बॉल मारायच्या काठीचा, म्हणजे क्यूचा, पुढचा भाग (शाफ्ट) मेपल लाकडाचाच ठेवावा की कार्बन फायबरचा घ्यावा, हा प्रश्न आता हौशी खेळाडूंनाही पडू लागला आहे. या शाफ्टच्या जाहिरातींचा सूर साधारण असा असतो की तो लावल्यावर क्यू बॉलला, म्हणजे क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलला, मनसोक्त साइड (आडवी फिरकी) द्यावी, बॉल धरलेल्या रेषेतच जाईल. १२.४ मिमी टिपचा (बॉलला लागणाऱ्या टोकाचा) असा एक शाफ्ट मी माझ्या जुन्याच बटला, म्हणजे क्यूच्या मागच्या भागाला, जोडून बराच काळ वापरला आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या एका दाव्याचे आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या जातीच्या बहुतेक शाफ्टना कमीअधिक प्रमाणात लागू पडते. माझे मत आधीच सांगून टाकतो: दावा अर्धा खरा आहे. स्पिनमुळे नेम बिघडण्याची कारणे तीन आहेत. हा शाफ्ट त्यांपैकी एकाच कारणावर काम करतो, ते कमी करतो पण नाहीसे करीत नाही, आणि तसे करताना दुसरीकडे एक सवलत काढून घेतो, जिच्याबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत.

क्यू बॉलच्या मध्याच्या उजवीकडे टिप लागली की बॉलला उजवी साइड मिळते, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच क्षणी बॉल क्यूच्या रेषेपासून किंचित डावीकडे सरकून निघतो, हे अनेकांच्या लक्षात फार उशिरा येते. यालाच डिफ्लेक्शन किंवा स्क्वर्ट म्हणतात. टिप आणि बॉल यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे एक हजारांश भागापुरताच असतो. तेवढ्या वेळात बॉल स्वतःभोवती फिरू लागतो, चॉक लावलेली टिप त्याच्या पृष्ठभागाला धरून असल्यामुळे शाफ्टचे टोक त्याच्याबरोबर बाहेरच्या बाजूला रेटले जाते, आणि ते टोक जितके जड असेल तितकी बॉलला उलट दिशेची ढकल जास्त बसते. इथे संपूर्ण क्यूचे वजन विचारात घ्यायचे नसते. संपर्काच्या त्या अल्पावधीत शाफ्टमधले आडवे कंपन टोकापासून साधारण १५ ते २० सेंमीपर्यंतच पोहोचते, त्यामुळे तेवढ्याच भागाचे आणि त्यातही अगदी टोकाजवळचे वस्तुमान निर्णायक ठरते. शाफ्ट कडक आहे की लवचिक, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. ‘कार्बन कडक असतो म्हणून बॉल सरळ जातो’ हे वाक्य वारंवार कानावर पडते, पण त्यात तथ्य थोडेच आहे. कार्बनचा खरा फायदा हा की त्याची नळी पातळ आणि आतून जवळजवळ रिकामी ठेवूनही ती मोडत नाही.

ही कल्पना कार्बनच्या आधीची आहे. १९९०च्या दशकात प्रिडेटर या कंपनीने ३१४ नावाचा लाकडी शाफ्ट आणला, तेव्हाही युक्ती हीच होती: टोकाचा भाग आतून पोकरायचा, फेरूल (टिपमागची टोपी) हलकी ठेवायची आणि एकसंध दांड्याऐवजी लाकडाच्या पाचरी गोलाकार जोडून शाफ्ट घडवायचा, म्हणजे तो कोणत्याही बाजूने धरला तरी सारखाच वागतो. कार्बनच्या शाफ्टमध्ये हे दोन्ही गुण बांधणीतच येतात. नळी सर्व बाजूंनी एकसारखी असते, दमट हवेत वाकत नाही, आणि टेबलाच्या कडेवर आपटून लाकडी शाफ्टवर जशा खोका पडतात तशा सहसा पडत नाहीत.

आता प्रत्यक्ष मोजमाप. प्रत्येक शाफ्टला एक नैसर्गिक पिव्हट लांबी असते आणि ती कोणालाही टेबलावर काढता येते. क्यू बॉलपासून लांब एक बॉल ठेवावा, त्याच्यावर समोरासमोर पूर्ण आघात होईल असा मध्यातून नेम धरावा, मग ब्रिजचा हात (टेबलावर टेकून क्यूला आधार देणारा पुढचा हात) जागचा न हलवता फक्त मागचा हात बाजूला नेऊन टिप क्यू बॉलच्या एका बाजूला आणावी आणि जरा जोरात शॉट मारावा. जोर एवढ्यासाठी की पुढे सांगितलेला बॉलचा वाक मध्ये येऊ नये. ब्रिज क्यू बॉलच्या फार जवळ असेल तर क्यू बॉल साइडच्या दिशेला चुकतो, ब्रिज फार दूर असेल तर उलट दिशेला. ज्या अंतरावर तो बरोबर मधोमध आदळतो ते अंतर म्हणजे त्या शाफ्टची पिव्हट लांबी. माझ्या जुन्या मेपल शाफ्टची ही लांबी २५ सेंमीच्या आसपास आली आणि कार्बन शाफ्टची ३५ सेंमीच्या आसपास. लांबी जितकी जास्त तितका स्क्वर्ट कमी. हे काम ठिपके किंवा वर्तुळे छापलेल्या सरावाच्या क्यू बॉलवर केले तर टिप खरोखर कुठे लागली ते चॉकच्या डागावरून वाचता येते. साध्या पांढऱ्या बॉलवर आपण जिथे मारले असे समजतो आणि जिथे मारलेले असते त्यांत सहज दोन-तीन मिमीचा फरक राहतो, आणि मग सगळे निष्कर्ष डळमळतात.

या आकड्यांचा नेमाशी संबंध लावून पाहण्यासारखा आहे. टिपचा संपर्क मध्यापासून ७ मिमी बाजूला झाला असे धरू. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिमी असतो आणि मध्यापासून सुमारे १४ मिमीच्या, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्याच्या, पलीकडे गेल्यास मिसक्यू होण्याची, म्हणजे टिप बॉलवरून घसरण्याची, शक्यता बळावते, तेव्हा ७ मिमी म्हणजे जास्तीत जास्त साइडच्या साधारण निम्मी साइड झाली. २५ सेंमी पिव्हटच्या शाफ्टने क्यू बॉल १.६ अंशांनी भरकटतो, ३५ सेंमीच्या शाफ्टने १.१ ते १.२ अंशांनी. अर्ध्या अंशाचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण क्यू बॉल आणि ऑब्जेक्ट बॉल (पॉकेटमध्ये घालायचा बॉल) यांच्यात एक मीटर अंतर असेल तर पहिल्या बाबतीत क्यू बॉल धरलेल्या जागेपासून २८ मिमी बाजूला पोहोचतो आणि दुसऱ्या बाबतीत २० मिमी. २८ मिमी म्हणजे जवळपास अर्धा बॉल. याचा अर्थ असा की काहीच भरपाई न करता, बॉलच्या मध्यावर नेम धरून निम्मी साइड दिली, तर मेपलने समोरासमोरचा आघात अर्ध्या बॉलचा कट (बाजूने लागलेला तिरका आघात) होऊन बसतो, आणि कार्बननेही तो सरळ राहत नाही. फक्त कट थोडा जाड होतो, म्हणजे बॉलचा जास्त भाग लागतो. ‘साइड देऊनही बॉल सरळ’ या वाक्याचा निकाल इथेच लागतो.

भरपाई मात्र प्रत्येक जाणता खेळाडू करतोच, कोणी मोजून, बहुतेक सवयीने, त्यामुळे खरा प्रश्न भरपाईच्या अंदाजात राहणाऱ्या चुकीचा आहे. पूलच्या बॉलचा आकार असा आहे की सरळ शॉटमध्ये क्यू बॉल एक मिमी बाजूला पोहोचला तर ऑब्जेक्ट बॉलची दिशा जवळजवळ बरोबर एका अंशाने बदलते. कट वाढेल तशी ही शिक्षा वाढते आणि ६० अंशांच्या कटला ती दुप्पट होते. समजा, भरपाईचा अंदाज एक चतुर्थांशाने चुकला. मेपलच्या बाबतीत चूक ७ मिमीची, म्हणजे ऑब्जेक्ट बॉलसाठी सात अंशांची. कार्बनच्या बाबतीत ५ मिमीची, म्हणजे पाच अंशांची. स्पर्धेच्या टेबलावरील कोपऱ्याच्या पॉकेटचे तोंड ११४ ते ११७ मिमी असते, म्हणजे बॉलच्या मध्याला दोन्ही बाजूंना २८ ते ३० मिमीची मोकळीक मिळते. ऑब्जेक्ट बॉल पॉकेटपासून २५ सेंमीवर असेल तर सुमारे साडेसहा अंशांपर्यंतची चूक खपते: कार्बनचा शॉट जातो, मेपलचा पॉकेटच्या ओठावर आदळतो. तोच बॉल पॉकेटपासून एक मीटरवर असेल तर जेमतेम दीड अंश चालतो, आणि दोन्ही शाफ्टनी शॉट हुकतो. म्हणून मध्यम अंतराच्या, साइड घेऊनच पोझिशन करावी (पुढच्या शॉटसाठी क्यू बॉल सोयीच्या जागी न्यावा) लागते अशा शॉटमध्ये हा शाफ्ट खरोखर कामी येतो, याबद्दल मला शंका नाही. जवळच्या शॉटमध्ये फरक जाणवत नाही आणि फार लांबच्या शॉटमध्ये तो पुरेसा पडत नाही.

दुसरे कारण थ्रो, आणि त्याच्यावर कोणत्याही शाफ्टचा अधिकार चालत नाही. क्यू बॉल आणि ऑब्जेक्ट बॉल एकमेकांना घासतात त्या घर्षणामुळे ऑब्जेक्ट बॉल दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतून थोडा बाजूला ढकलला जातो. सरळ शॉटला उजवी साइड दिली तर ऑब्जेक्ट बॉल डावीकडे जातो. कट शॉटमध्ये साइड नसतानाही तो कटच्या उलट बाजूला, म्हणजे जाड, ओढला जातो. हळू मारलेल्या शॉटमध्ये थ्रो जास्त, जोरात मारलेल्यात कमी, कारण पृष्ठभाग जितक्या वेगाने एकमेकांवर घसरतात तितके घर्षण घटते. क्यू बॉल फॉलो (पुढची फिरकी) किंवा ड्रॉ (उलटी फिरकी) घेऊन आला तर घर्षणाचा काही भाग वरखाली खर्च होतो आणि आडवा थ्रो कमी होतो. स्टनमध्ये, म्हणजे क्यू बॉल न फिरता घसरत येतो तेव्हा, तो सर्वाधिक असतो. हळू स्टन शॉटमध्ये अर्ध्या बॉलच्या कटला चारपाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो, आणि वर पाहिलेल्या दीड अंशाच्या मोकळिकीशी तो ताडून पाहिला तर लांबच्या शॉटमध्ये हे प्रकरण किती गंभीर आहे ते कळते.

थ्रोवरचा उपाय मात्र साइडमध्येच आहे, आणि नवीन शाफ्टच्या उत्साहात नेमका हाच भाग विसरला जातो. कट शॉटला बाहेरची साइड, म्हणजे डावीकडच्या कटला उजवी आणि उजवीकडच्या कटला डावी, योग्य प्रमाणात दिली तर संपर्काच्या क्षणी दोन्ही बॉलचे पृष्ठभाग एकमेकांवर घासतच नाहीत, दोन दातेरी चाकांसारखे नुसते गुंततात, आणि थ्रो शून्य होतो. अर्ध्या बॉलच्या, म्हणजे ३० अंशांच्या कटला हे प्रमाण जास्तीत जास्त साइडच्या सुमारे ४० टक्के भरते. टिपचा संपर्क मध्यापासून साधारण पावणेसहा मिमी बाजूला. कट बारीक होईल तसे प्रमाण वाढते. त्याहून जास्त साइड दिली तर थ्रो उलट्या दिशेने सुरू होतो आणि बॉल जास्तच पातळ कापला जातो. कमी स्क्वर्टच्या शाफ्टचा इथे अप्रत्यक्ष उपयोग असा की ही ४० टक्के साइड देताना क्यू बॉलच्या मार्गात करावी लागणारी दुरुस्ती लहान असते, त्यामुळे खेळाडूला ती साइड देण्याचे धैर्य होते. आतली साइड दिली तर चित्र पालटते: हळू शॉटमध्ये घर्षण पूर्ण जोर दाखवते आणि बॉल जाड जातो, मग हातातला शाफ्ट कितीही आधुनिक असो. बॉल मळलेले असतील, किंवा क्यू बॉलवरचा चॉकचा डाग नेमका संपर्काच्या जागी आला, तर थ्रो आणखी बळावतो. बॉल स्वच्छ ठेवण्याने नेमात जितकी सुधारणा होते तितकी अनेकांच्या बाबतीत शाफ्टनेही होणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

तिसरे कारण स्वर्व्ह, म्हणजे क्यू बॉलचा वाक. क्यू कधीही पूर्ण आडवा नसतो, कारण मागचा हात कुशनच्या कडेवरून जावा लागतो. त्या किंचित उतारामुळे साइड दिलेल्या बॉलला मार्गाच्या आडव्या दिशेनेही थोडा फिरकीचा धक्का बसतो आणि कापडाच्या घर्षणाने तो हळूहळू साइडच्या बाजूला वळतो. हा वाक परवलयाचा असतो आणि घसरणे संपून बॉल नुसता लोळू लागला की मार्ग सरळ होतो, हे फ्रेंच गणिती कोरिओलिस याने १८३५ मध्येच गणिताने दाखवून दिले होते. (वातावरणातील वाऱ्यांच्या संदर्भात ज्याचे नाव शाळेत येते तोच हा कोरिओलिस.) स्क्वर्ट बॉलला साइडच्या उलट दिशेला नेतो आणि स्वर्व्ह साइडच्या दिशेला परत आणतो. स्क्वर्टचा कोन शॉटच्या जोरावर फारसा अवलंबून नसतो, पण स्वर्व्ह जोरावर, क्यूच्या उतारावर आणि कापड जुने व जाड आहे की नवे व गुळगुळीत आहे यावर पुष्कळ अवलंबून असतो.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की नवीन शाफ्ट घेतल्यानंतर सुरुवातीला हळू शॉट का चुकतात याचा उलगडा होतो. मेपलने खेळताना मध्यम वेगाच्या शॉटमध्ये स्क्वर्ट आणि स्वर्व्ह बऱ्याच अंशी एकमेकांना फेडतात, आणि खेळाडूला वाटते की आपण काही भरपाई करतच नाही. कार्बन शाफ्टने स्क्वर्ट कमी होतो, स्वर्व्ह मात्र होता तसाच राहतो. परिणामी हळू शॉटमध्ये, विशेषतः जुन्या कापडावर, क्यू बॉल आता साइडच्या बाजूला जास्त वळून पोहोचतो. याचा दोष शाफ्टला देऊन तो विकून टाकणारे खेळाडू मी पाहिले आहेत. जोरकस शॉटमध्ये त्याच शाफ्टचे वागणे चोख असते, कारण तिथे वाक येण्याआधीच क्यू बॉल ऑब्जेक्ट बॉलपर्यंत गेलेला असतो. थोडक्यात, मेपलला जी भरपाई जोरकस शॉटमध्ये सर्वाधिक लागते ती इथे कमी होते, आणि जिथे पूर्वी लागत नव्हती त्या हळू शॉटमध्ये उलट्या दिशेने थोडी करावी लागते. ही नवी सवय अंगी बाणायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात खेळ बिघडल्यासारखा वाटतो. स्पर्धा तोंडावर असताना शाफ्ट बदलणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

सुरुवातीला ज्या काढून घेतलेल्या सवलतीचा उल्लेख केला ती आता सांगतो, कारण परीक्षणातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. साइड द्यायचीच नसते, बॉल मध्यातून मारायचा असतो, पण स्ट्रोक किंचित वाकडा जातो आणि टिप दोन मिमी डावीकडे लागते, अशी चूक प्रत्येकाकडून होते. या चुकीत क्यू ब्रिजभोवती फिरलेला असतो, म्हणजे तो डावीकडे रोखला जातो, आणि नको असलेल्या डाव्या साइडच्या स्क्वर्टमुळे बॉल उजवीकडे सरकतो. ब्रिजची लांबी शाफ्टच्या पिव्हट लांबीएवढी असेल तर या दोन चुका एकमेकींना पूर्ण फेडतात. २५ सेंमीचा ब्रिज करणाऱ्या खेळाडूला २५ सेंमी पिव्हटचा मेपल शाफ्ट त्यामुळे गुपचूप क्षमा करीत असतो. त्याच ब्रिजवर ३५ सेंमी पिव्हटचा शाफ्ट आला की दोन मिमीच्या चुकीतून एक मीटरवर क्यू बॉल सव्वादोन मिमी भरकटतो आणि सरळ शॉटमध्ये ऑब्जेक्ट बॉल सव्वादोन अंशांनी. लांबच्या सरळ शॉटमध्ये मोकळीक दीड अंशाची असताना हा फरक पॉट आणि मिस यांच्यातला आहे. ज्यांचा स्ट्रोक अजून स्थिर नाही त्यांना ‘नेम सुधारेल’ म्हणून हा शाफ्ट विकणे मला म्हणूनच पटत नाही. त्यांच्या साध्या, बिनसाइडच्या शॉटची अचूकता आधी थोडी घटण्याचाच संभव जास्त. ब्रिज लांब करून ३५ सेंमीच्या जवळ नेणे हा उपाय आहे, आणि कार्बन शाफ्ट वापरणारे अनेक जण नकळत तो करतातही, पण लांब ब्रिजवर टिप नेमकी ठेवणे त्या मानाने अवघड जाते. ब्रेकच्या, म्हणजे डाव सुरू करण्याच्या, शॉटमध्ये जोर सर्वाधिक आणि ताबा सर्वांत कमी असतो, तिथे तर ब्रिजला जुळणारी पिव्हट लांबी असलेला वेगळा क्यूच मी पसंत करतो.

मागचा हात फिरवून साइड देण्याच्या पद्धतीवर ज्यांची भिस्त आहे त्यांनाही याच हिशोबाचा फटका बसतो. आखूड ब्रिजवर ती पद्धत या शाफ्टने गरजेपेक्षा जास्त भरपाई करते आणि क्यू बॉल साइडच्या बाजूला चुकतो. अशा खेळाडूने एक तर ब्रिज मागे घ्यावा किंवा क्यू समांतर सरकवून थोडी दुरुस्ती करण्याकडे वळावे.

बारीक टिपमुळे जास्त स्पिन मिळतो, हा दुसरा दावा लवकर आटोपता येतो. स्पिन किती मिळणार हे संपर्कबिंदू मध्यापासून किती दूर आहे यावर ठरते. तो बिंदू तोच असेल तर १३ मिमीची टिप आणि १२.४ मिमीची टिप जवळजवळ सारखाच स्पिन देतात. फरक पडतो तो टिपच्या गोलाईमुळे. साडेदहा मिमी त्रिज्येच्या गोलाईची टिप १० मिमी बाजूला नेली तर प्रत्यक्ष संपर्क ७.३ मिमीवर होतो, ९ मिमी त्रिज्येच्या गोलाईची तेवढीच नेली तर ७.६ मिमीवर. नव्या शाफ्टवरची टिप बहुधा ताजी आणि जास्त गोल असते, आणि ‘स्पिन वाढला’ असे वाटण्यामागे बऱ्याचदा तेवढेच असते. वर आणि खाली मारण्याच्या बाबतीत, म्हणजे फॉलो आणि ड्रॉमध्ये, स्क्वर्ट बाजूला नेत नसल्यामुळे शाफ्टच्या जातीने नेमात काहीच फरक पडलेला मला दिसला नाही. ड्रॉ मारताना बॉल बाजूला जातो तो टिप खाली नेताना ती नकळत डावी-उजवीही गेल्यामुळे, आणि मागचा हात वर उचलला गेल्याने त्या नकळत साइडला वाकही मिळाल्यामुळे.

वापरण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात. नळीचा पृष्ठभाग हातातून सफाईने सरकतो, हातमोज्याची गरज कमी वाटते, आणि ओलसर फडक्याने पुसला की काम भागते. लाकडी शाफ्टला जशी वरचेवर घासाघीस लागते तशी इथे लागत नाही. आवाज मात्र पोकळ आणि बोथट येतो. मेपलच्या आवाजावरून शॉट कसा लागला हे ओळखण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हा आवाज काही काळ मुका वाटेल, आणि मला तो अजूनही आवडलेला नाही. टोक हलके असल्यामुळे क्यूचा तोल किंचित मागे सरकतो. माझ्या बटचे वजन जरा जास्त असल्याने ते मला चटकन जाणवले. टिप बदलायचे काम घरी न करणे बरे, कारण नळीची कड खरवडली गेली तर लाकडासारखी ती घासून पूर्ववत करता येत नाही, आणि कार्बनची बारीक धूळ श्वासात जाणे चांगले नाही. घेताना जोडाचा स्क्रू आपल्या बटशी जुळतो का हे आधी पाहावे. स्क्रूचे प्रकार अनेक आहेत आणि दिसायला सारखे असलेले दोन प्रकार एकमेकांत बसतीलच असे नाही. नियमांची अडचण कुठलीच नाही: जागतिक नियमांनुसार टिप १४ मिमीपेक्षा रुंद नसावी एवढीच जाडीची अट आहे.

ज्यांचा मध्यातून मारलेला बॉल बहुतेक वेळा मध्यातूनच लागतो आणि ज्यांच्या खेळात साइडने पोझिशन करण्याचे शॉट वारंवार येतात, त्यांनी हा शाफ्ट जरूर घ्यावा. सवय बदलण्याचा काळ संपल्यावर मधल्या अंतराच्या शॉटमध्ये तो आपली किंमत वसूल करून देतो. बाकीच्यांनी ठिपक्यांचा सरावाचा क्यू बॉल आणि बॉल पुसण्याचे चांगले फडके आधी घ्यावे, आणि आपल्या सध्याच्या शाफ्टची पिव्हट लांबी काढून ब्रिज तिच्याशी जुळवून पाहावा, कारण त्या खटाटोपाला काहीच खर्च नाही. घ्यायचे ठरलेच तर ११.८ आणि १२.४ मिमी यांत मी १२.४ निवडेन. ११.८ मध्ये स्क्वर्ट अजून थोडा उतरतो हे खरे, पण बारीक शाफ्ट बंद ब्रिजमध्ये सैल बसतो, आणि बोटांच्या कडीत राहिलेली ती थोडी जागा टिपला दोन मिमी इकडेतिकडे जाऊ द्यायला पुरेशी असते.